मूल शाळेत टिकावं, टोळीच्या वाटेला जाऊ नये: वस्तीने मिळून काम कसं सुरू करायचं

वस्तीत मारामारी होते, दोन पोरं पकडली जातात, कधी कुणाचा जीव जातो आणि मग सगळ्यांनाच वाटतं की आता काहीतरी केलं पाहिजे. सभा भरते. मोठी माणसं बोलतात. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती मुलं सभेला नसतात. पंधरा दिवसांत सगळं थंड.

त्या पंधरा दिवसांनंतरही ज्यांना काम करायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, मैदानावर पोरांना खेळ शिकवत असाल किंवा नुसतेच शेजारी असाल. अनुभव नसला तरी चालतो. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की धरा: मुलाची खबर वस्तीत असतेच, फक्त ती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते. वर्गशिक्षिकेला ठाऊक असतं की तो दुपारनंतर गायब होतो. आजीला ठाऊक असतं की त्याच्याकडे नवा फोन आलाय आणि तो कुठून आला ते तो सांगत नाही. खेळाच्या सरांना दिसतं की तो एका ठरावीक रस्त्याने घरी जायचं टाळतो. हवालदाराला ठाऊक असतं की त्याचा मोठा भाऊ कुणाबरोबर फिरतो. हे चौघं एकमेकांशी कधी बोलतच नाहीत. त्यांना एका टेबलाशी आणायचं आणि 'या पोराकडे कोण बघणार?' याचं उत्तर म्हणून एका माणसाचं नाव ठरवूनच उठायचं, एवढंच खरं तर हे काम आहे. पुढचं सगळं त्यातलेच बारकावे.

पायरी १: टोळी काय देते ते आधी समजून घ्या

'संगत वाईट लागली' इथेच बहुतेक मोठी माणसं थांबतात. त्यातून हाती काही लागत नाही. मुलगा टोळीजवळ जातो तेव्हा त्याला तिथे काहीतरी मिळत असतं. रस्त्यात कुणी हात लावणार नाही याची हमी. खिशात थोडे पैसे. नावाने हाक मारणारी माणसं, रागावणारा आणि लाडही करणारा एखादा 'दादा'. काहींच्या घरातलेच, मोठा भाऊ, मामा, आधीपासून आत असतात, त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो. काही जण उसन्या पैशातून किंवा 'एवढं पाकीट तेवढं पोचवून ये' या पहिल्या कामातून अडकतात. मुली बऱ्याचदा एखाद्या मुलाशी असलेल्या नात्यातून ओढल्या जातात. सामान लपवणं, निरोप पोचवणं ही कामं त्यांच्याकडून करून घेतली जातात, म्हणून मोठ्यांच्या लक्षात ते फार उशिरा येतं.

तेव्हा प्रत्येक मुलाबद्दल पहिला प्रश्न हा: याला तिथे काय मिळतंय? भीती असेल तर आधी शाळेत यायचा-जायचा सुरक्षित रस्ता बघा, उपदेश राहू द्या. पैशांची ओढ असेल तर खेळाच्या स्पर्धा भरवून काही होणार नाही. घरी कुणी विचारत नसेल, तर त्याला रोज विचारणारा कुणीतरी हवा. एकाच कार्यक्रमात सगळ्यांना कोंबलं की तो कुणालाच नीट बसत नाही.

दोन गोष्टी मात्र धीर देणाऱ्या आहेत. एक, अगदी बदनाम वस्तीतलीही बहुतेक मुलं टोळीत जात नाहीत. दोन, जी जातात त्यांतली बरीच लवकर बाहेर पडतात. अमेरिकेत रॉचेस्टर, डेन्व्हर आणि सिएटल या शहरांत १९८०च्या दशकात काही अभ्यास सुरू झाले. त्यांत त्याच मुलांना वर्षानुवर्षं भेटून माहिती घेतली गेली, आणि टोळीत गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वर्षभर किंवा त्याहून कमी काळ आत होते असं आढळलं. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाबद्दल 'गेला तो हातातून' म्हणायची घाई करू नका. त्या एका वर्षात शाळा सुटू दिली नाही तर बाहेर पडल्यावर त्याला परत यायला जागा उरते. सुटली तर ते एक वर्ष संपल्यावरही त्याला जायला कुठे नसतं.

पायरी २: हजेरीपट उघडा

सुरुवात कुठून करायची असं मला कुणी विचारलं तर मी हजेरीपट दाखवतो. पोलिसांकडे नाव जाण्याच्या कितीतरी आधी ते तिथे लाल शाईत उमटलेलं असतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट बॅलफँट्झ हे शिक्षणाचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीतल्या मुलांच्या साध्या शालेय नोंदी घेऊन पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं. चार खुणा निघाल्या: वर्षभरातली हजेरी ८० टक्क्यांच्या खाली, गणितात नापास, भाषेत नापास, वर्तनाचा शेरा असमाधानकारक. यांतली एक जरी खूण असली तरी त्या मुलाची शाळा पुढे अर्धवट सुटण्याची शक्यता चारात किमान तीन इतकी होती. सहावीत! आणि आपण दहावीच्या तोंडावर जागे होतो.

म्हणून ८० टक्क्यांची वाट बघू नका. शाळेचे दिवस १८० धरले तर दहा टक्के गैरहजेरी म्हणजे अठरा दिवस, महिन्याला दोनच. ते कुणाच्या डोळ्यांतही येत नाही. तिथेच पेन्सिलीने खूण करा.

हजेरीपट वाचायचीही एक पद्धत असते. नुसती बेरीज करू नका, महिन्याचं पान आडवं धरून बघा. सकाळी हजर आणि मधल्या सुट्टीनंतर गैरहजर, असं आठवड्यातून दोनदा होतंय का? तीन-चार मुलांचे खाडे एकाच दिवशी पडतात का? ती मुलं वेगवेगळ्या तुकड्यांतली असतील तर अधिकच लक्ष द्या, कारण कुठल्याही एका वर्गशिक्षकाला ते दिसणार नाही. नेहमी येणारा मुलगा एखाद्या दिवसापासून अचानक उशिरा यायला लागला का? रस्ता बदलला असेल, कुणी अडवत असेल. परीक्षेच्या किंवा वाचनाच्या तासालाच दांडी असेल तर गोष्ट बहुधा अभ्यासाची आहे, टोळीची नाही. आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला, आजारी आईसाठी किंवा कामावर जाण्यासाठी घरीच राहणारी मुलंही याच पानावर असतात. त्यांना 'धोक्यातली' म्हणून हिणवू नका, त्यांना वेगळी मदत हवी आहे.

पहिल्या फेरीत दहा-बारा नावांपेक्षा जास्त घेऊ नका. साठ नावांची यादी छान दिसते, पण साठांपैकी एकाकडेही धड लक्ष जात नाही.

पायरी ३: टेबलाशी कोण बसणार

शिकागो विद्यापीठातले अर्व्हिंग स्पर्गेल यांनी टोळ्यांच्या प्रश्नावर जी आखणी मांडली, ती आजही पुष्कळ ठिकाणी पायाभूत मानतात. पाच बाजूंनी एकाच वेळी काम करायचं: लोकांना संघटित करणं, शिक्षण आणि रोजगाराच्या संधी, मुलांपर्यंत प्रत्यक्ष पोचणारे कार्यकर्ते, कायद्याचा धाक, आणि संस्थांनी स्वतःच्या कामाच्या पद्धती बदलणं. बहुतेक ठिकाणी यांतला धाकच तेवढा अमलात येतो, कारण त्यासाठी एकाच खात्याने हुकूम काढला की पुरतं. शेवटची बाजू सगळ्यांत अवघड, कारण तिथे 'मुलगा सुधारला पाहिजे' असं म्हणून सुटता येत नाही. शाळेला स्वतःचे नियम बघावे लागतात.

आपल्या टेबलाशी सात-आठ माणसं पुरेत. मुख्याध्यापक किंवा ज्याच्या शब्दाला शाळेत वजन आहे असं कुणी. मुलांना रोज बघणारी एक शिक्षिका. समाजसेवक किंवा समुपदेशक, नसेल तर आरोग्य कर्मचारी. खेळाचे किंवा तालमीचे सर. एक पालक. मुलांना कामाला घेणारा एखादा धंदेवाला किंवा कारागीर. एक पोलीस, पण दर वेळी तोच. आणि जमलं तर टोळीतून बाहेर पडून काही वर्षं झालेला एखादा माणूस.

या शेवटच्या माणसाबद्दल थोडं. मुलं त्याचं ऐकतात, कारण तो सांगतो ते त्याने भोगलेलं असतं. पण त्याला व्यासपीठावर उभं करून 'माझी कहाणी' सांगायला लावू नका. एक तर त्यात नकळत शौर्यकथा शिरते, दुसरं म्हणजे जुने वैरी अजून आसपास असू शकतात. त्याच्या कामाचा मोबदला द्या. बाकी सगळे आपापल्या पगारावर बसलेले असतात आणि ज्याच्या अनुभवावर बैठक चालते त्याच्याकडून फुकट सेवा घ्यायची, ही रीत मला कधीच पटलेली नाही.

समन्वयक एकच नेमा. अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या भानगडीत पडू नका. समन्वयकाचं काम साधं पण चिवट असतं: बैठकीची आठवण करणं, यादी सांभाळणं, 'तुम्ही त्या मुलाच्या घरी जाणार होतात, गेलात का?' असा फोन करणं. पंधरा दिवसांनी एकदा, एक तास बसायचं. भाषण नाही, सत्कार नाही. कागदावर पाच रकाने: मुलाची खूण (पूर्ण नाव नको, का ते पायरी ४ मध्ये), गेल्या पंधरवड्यातली हजेरी, ठरलेलं काम, कुणी करायचं, झालं की नाही. चौथा रकाना रिकामा ठेवून पुढच्या मुलाकडे जायचं नाही.

पायरी ४: कोणती गोष्ट टेबलाबाहेर जाईल, हे आधी लिहून ठेवा

इथे घाई केली तर भलं करायला जाऊन घात होतो.

लंडनच्या पोलिसांनी २०१२ मध्ये टोळ्यांशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांची एक माहिती-यादी सुरू केली. ती इतर संस्थांनाही दिली जात होती. २०१७ मध्ये न्यूहॅम भागाच्या स्थानिक प्रशासनातल्या एका कर्मचाऱ्याने त्या यादीतली २०३ जणांची माहिती, नावं न झाकता, ४४ जणांना ईमेलने पाठवली. पुढे त्या यादीचे फोटो विरोधी टोळ्यांच्या हाती लागले. २०१९ मध्ये त्या प्रशासनाला १ लाख ४५ हजार पौंडांचा दंड झाला. त्याआधीच, २०१८ मध्ये, त्या यादीच्या वापरात माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा भंग झाल्याचा निर्वाळा ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी दिला होता. २०२४ मध्ये ती यादी कायमची बंद झाली.

यातून आपल्यापुरतं काय घ्यायचं? यादीवर 'टोळी' हा शब्दच नको. आपली यादी गैरहजर मुलांची आहे, तीच राहू द्या. पूर्ण नावाऐवजी खूण वापरा, खुणांची किल्ली एकट्या समन्वयकाकडे. यादी मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायची नाही, फोटो काढायचा नाही, बैठकीनंतर कागद परत घ्यायचे. पालकांना सांगून, त्यांची लेखी संमती घेऊनच मुलाचं नाव टेबलावर आणायचं. आणि पोलिसांशी स्पष्ट बोलून घ्यायचं: इथे ऐकलेल्या गोष्टीवरून चौकशी सुरू करायची नाही. हे ज्याला मान्य नसेल त्याला प्रत्येक मुलाच्या चर्चेत बसवू नका. गस्त, रस्त्याची सुरक्षितता अशा विषयांपुरतं बोलवा.

याला एकच अपवाद: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर गोष्ट दाबून ठेवायची नाही, तुमच्या इथल्या बालसंरक्षणाच्या यंत्रणेला कळवायची. म्हणून कुठल्याही मुलाला 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतणारं असेल तर मला सांगावं लागेल, बाकी माझ्यापाशीच राहील,' असं पहिल्याच भेटीत सांगा. मुलांना असा सरळ व्यवहार कळतो.

पायरी ५: घरभेट

दोघांनी जा. शक्यतो त्यांतली एक बाई असावी. गणवेशातलं कुणी नको. हातात वही-पेन नको, फॉर्म तर नकोच. वेळ विचारून जा. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या माणसाच्या दारात अचानक उभं राहिलं की बोलणं तिथेच बिघडतं.

पहिलं वाक्य सगळं ठरवतं. 'तुमचा मुलगा शाळेत येत नाही' म्हटलं की आई लगेच बचावाला उभी राहते, मुलगा आतल्या खोलीत कान देऊन ऐकतो आणि आपण तक्रारवाले ठरतो. त्याऐवजी: 'मावशी, मी शाळेतून आलेय. दोन-तीन दिवस दिसला नाही म्हटलं, बरा आहे ना?' मग त्याच्याबद्दलची एक खरी चांगली गोष्ट. खरी हं. 'हुशार आहे हो तुमचा मुलगा' असं मोघम नको. 'त्या दिवशी लहान मुलाला खेळताना लागलं तर यानेच त्याला उचलून आणलं' असं काहीतरी, स्वतः पाहिलेलं. अनेक घरांत शाळेतून आलेला हा पहिलाच चांगला निरोप असतो, आणि आईच्या चेहऱ्यावर तो वाचता येतो.

मग ऐका. मध्येच तोडगे काढू नका. कुठल्याही घरभेटीत माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न एकच: 'तो कुणाचं ऐकतो?' उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित असतं. बापाचं नाही, सरांचं नाही, गल्लीतल्या गाडी दुरुस्त करणाऱ्याचं. किंवा मावशीचं, जी तीन थांब्यांवर राहते. तो माणूस तुमच्या टेबलाशी नसेल तर त्याला आणा.

'तुम्हीच जरा समजवा त्याला' असं आई म्हणाली तर तिथल्या तिथे त्याला बोलावून समजवायला बसू नका. घरच्यांसमोर, दोन परक्यांपुढे त्याची मान खाली गेली तर तो तुम्हाला पुढे भेटणारही नाही. निघताना एकच छोटी गोष्ट कबूल करा, जी तुम्ही दोन दिवसांत नक्की करू शकाल: बसच्या पासची चौकशी, बुडालेल्या चाचणीची नवी तारीख, चष्म्यासाठी डोळे तपासून घेणं. आणि ती करा. घरच्यांचा विश्वास बसतो तो यावर.

पायरी ६: एका मुलामागे एक मोठा माणूस, किमान दोन वर्षं

मिनेसोटा विद्यापीठात १९९० मध्ये सुरू झालेला 'चेक अँड कनेक्ट' हा उपक्रम याच कल्पनेवर उभा आहे. ठरलेला माणूस आठवड्याला हजेरी, गुण, वर्तन बघतो, मुलाशी थोडा वेळ बोलतो, घराशी संपर्क ठेवतो, आणि हे किमान दोन वर्षं करतो. मुलगा शाळा बदलून दुसरीकडे गेला तरी सोडत नाही. एकूण काम कंटाळवाणं आहे. म्हणूनच ते टिकतं, असं मला वाटतं. रोमांचक कामं चार महिन्यांत संपतात.

ज्यांना दोन वर्षं देता येणार नाहीत त्यांना हे काम देऊ नका, ते कितीही भले असोत. मोठी माणसं येतात, गोड बोलतात आणि निघून जातात हे या मुलांनी पुष्कळ पाहिलेलं असतं. तीन महिन्यांत तुटलेलं असं नातं नसलेल्या नात्यापेक्षा जास्त त्रास देतं. अशा माणसांना दुसरं काम द्या: गणित शिकवणं, रस्त्यावर उभं राहणं, हिशेब लिहिणं.

पायरी ७: शाळेच्या आत काय बदलायचं

मारामारी केली म्हणून मुलाला दहा दिवस शाळेबाहेर काढलं, तर ते दहा दिवस तो कुठे असणार याचा विचार काढणाऱ्याने केलेला असतो का? जिथून त्याला ओढून आणायचंय तिथेच आपण त्याला पाठवतो, तेही भर दुपारी. शिक्षा असूच नये असं मी म्हणत नाही. ती शाळेच्या आवारात व्हावी, अभ्यासासकट व्हावी. आणि बाहेर काढावंच लागलं तर परत येण्याचा दिवस, त्या दिवशी त्याला दारात भेटणारा माणूस आणि बुडालेल्या अभ्यासाची व्यवस्था, हे तिन्ही आधी ठरवल्याशिवाय पत्र देऊ नये.

दुसरी गोष्ट वाचनाची. आठवीतल्या ज्या मुलाला ओळ सलग वाचता येत नाही तो वर्गात दंगा करतो, कारण 'दांडगट' म्हणवून घेणं 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षा परवडतं. त्याला समुपदेशकाकडे पाठवण्याआधी वाचायला शिकवा. गणिताचंही तेच. शिकागोत एका शिकवणाऱ्यामागे दोनच विद्यार्थी, आणि रोज शाळेच्या वेळेतच, असा गणिताचा प्रयोग झाला, त्याने गुणांत चांगला फरक पडला. शाळा सुटल्यावरचा जादा वर्ग ठेवला तर ज्यांना गरज आहे तीच मुलं नेमकी येत नाहीत.

तिसरी, डोकं तापल्यावर क्षणभर थांबायची सवय. 'बिकमिंग अ मॅन' हा उपक्रमही शिकागोतला, 'यूथ गायडन्स' या संस्थेने २००१ मध्ये सुरू केलेला. त्यातला एक खेळ सांगतो, तुम्हालाही करता येईल. मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा, दुसऱ्याला सांगायचं, अर्ध्या मिनिटात तो मिळव. मुलं तुटून पडतात, बोटं पिरगाळतात, जमिनीवर लोळतात. वेळ संपल्यावर विचारायचं: 'चेंडू दे म्हणून मागितला का कुणी?' गट एकदम गप्प. मग चेंडू धरलेल्याला विचारायचं, मागितला असता तर काय केलं असतंस? 'दिला असता की, चेंडूच तर आहे.' त्यानंतर जे बोलणं सुरू होतं ते कुठल्याही व्याख्यानात होत नाही. या उपक्रमाची तपासणी चिठ्ठ्या टाकून गट पाडून झाली. त्यात सहभागी मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका उपक्रम चालू असताना ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होत्या. अटकांवरचा हा परिणाम उपक्रम संपल्यावर बराचसा ओसरला, तेही लक्षात ठेवा. शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं.

पायरी ८: शाळा सुटल्यानंतरचे तास

अमेरिकेतल्या पोलीस नोंदींत एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत आली आहे: शाळेच्या दिवशी अल्पवयीनांच्या हिंसक गुन्ह्यांचा कळस रात्री होत नाही, शाळा सुटल्यानंतरच्या एक-दोन तासांत होतो. मुलगा बाहेर, आईबाप कामावर. तेव्हा पहिला पैसा आणि पहिले स्वयंसेवक त्या वेळेला लावा. रस्त्याच्या कोपऱ्यांवर ओळखीची मोठी माणसं नुसती उभी राहिली तरी फरक पडतो. शाळेचं मैदान आणि एक-दोन खोल्या दिवेलागणीपर्यंत उघड्या ठेवता आल्या तर उत्तमच.

मात्र एक सावधगिरी, आणि ती नवख्यांना हमखास उलटी वाटते. धोक्यातल्या मुलांचाच तेवढा वेगळा गट करून त्यांची शिबिरं भरवू नका. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथे १९३९ मध्ये असा एक मोठा उपक्रम सुरू झाला होता: घरभेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं. जोन मॅककॉर्ड या अभ्यासक बाईंनी सुमारे तीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं तेव्हा मदत मिळालेल्या गटाची गत न मिळालेल्या गटापेक्षा काही बाबतींत वाईट निघाली. शिबिरांना वारंवार गेलेल्यांत तर जास्तच. एकत्र जमल्यावर मुलं एकमेकांपुढे फुशारक्या मारतात, त्याला हशा मिळतो, आणि हशा हेच बक्षीस ठरतं. तेव्हा गट मिसळते ठेवा. वीस मुलांत तीन-चार यादीतली असली आणि कोणती ते इतर मुलांना ठाऊकही नसलं, तर गट बरोबर जमलाय असं समजा.

तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रमही टाळा. कैद्यांकडून मुलांना दरडावून घ्यायचं, ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेत फार गाजली. नंतर नीट तपासणी झाली तेव्हा अशा भेटींना नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं निष्पन्न झालं. कुणी पुढारी हौसेने सुचवेल, नम्रपणे नाही म्हणा.

पायरी ९: जो आधीच आत आहे

इथे एकट्याने धाडस करू नका. 'सोड ती टोळी' असं मुलाला सांगणं सोपं आहे, पण चारचौघांत नातं तोडलं तर मार त्याला खावा लागतो. बाहेर पडणारी बहुतेक मुलं हळूहळू गळतात: काम लागलं, आई आजारी आहे, मूल झालं, परीक्षा आहे. त्याला अशी सबब मिळवून द्या. संध्याकाळचं काम किंवा दुसऱ्या भागातल्या शाळेत प्रवेश ही टोळीतही मान राखून सांगता येणारी सबब असते.

बोस्टनमध्ये १९९६ च्या सुमारास पोलीस, प्रोबेशन अधिकारी (कोर्टाने देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे), धर्मगुरू आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन टोळ्यांना थेट निरोप दिला: गोळीबार थांबवा, थांबवलात तर मदत आहे, नाही तर सगळ्या यंत्रणांचं लक्ष तुमच्यावर. त्यानंतर तरुणांच्या खुनांचं मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. ग्लासगोने २००८ मध्ये तीच तऱ्हा उचलली, तिथे टोळ्यांतल्या तरुणांना कोर्टाच्या इमारतीत बोलावलं गेलं आणि बाहेर पडायचं असेल तर फोन करायला नंबर दिला गेला. हे काम नवख्या समितीचं नाही. तुमचं काम एवढंच की असा नंबर, असा कार्यकर्ता तुमच्या शहरात आहे का ते आधी शोधून ठेवायचं.

लॉस एंजेलिसमध्ये ग्रेग बॉयल या धर्मगुरूंनी १९८८ मध्ये सुरू केलेलं काम पुढे 'होमबॉय इंडस्ट्रीज' म्हणून वाढलं. त्याची सुरुवात कुठून झाली? इतर शाळा घेत नव्हत्या अशा टोळीतल्या मुलांसाठी एक शाळा काढण्यापासून. मग त्यांना काम हवं म्हणून कामं शोधली, १९९२ मध्ये बेकरी काढली. टोळीचे टॅटू फुकट काढून द्यायची सोयही पुढे आली, कारण मानेवर टोळीचं नाव गोंदलेल्या मुलाला कुणी कामावर घेत नव्हतं. प्रत्येक गोष्ट मुलांच्या पुढच्या अडचणीतून निघालेली.

पायरी १०: काय मोजायचं

किती लोक सभेला आले, किती टी-शर्ट वाटले, हे मोजू नका. यादीतल्या मुलांची हजेरी गेल्या सत्राच्या तुलनेत किती, किती जण पुढच्या वर्गात गेले, किती जणांना काढून टाकलं, आणि ठरलेली कामं किती पार पडली. चार आकडे बस्स. पहिल्या सत्रात फरक बहुधा नगण्य दिसेल. देणगीदाराला तेच खरं सांगा.

दोन काळ असे असतात की सगळं केलेलं वाहून जाऊ शकतं. एक लांब सुट्टी, दुसरा शाळा बदलण्याचा टप्पा, म्हणजे प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना. जुन्या शाळेला वाटतं मूल गेलं, नवीन शाळेला ते अजून ठाऊक नसतं, आणि मधल्या दोन महिन्यांत ते कुणाचंच नसतं. म्हणून सुट्टीआधीची शेवटची बैठक नेहमीपेक्षा लांब ठेवा. एकेक खूण घ्या आणि विचारा: सुट्टीत याला दर आठवड्याला कोण भेटणार, नवीन शाळेत याच्यासाठी कुणाला सांगून ठेवलंय, पहिल्या दिवशी फाटकापाशी कोण असेल. नवीन शाळेतल्या त्या शिक्षकाला याच बैठकीला बोलावून घ्या, म्हणजे जुन्या माणसाकडून नव्याच्या हातात मूल समोरासमोर सोपवलं जाईल. शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी हजेरीपट पुन्हा उघडा, आणि यादीतलं जे मूल आलेलं नसेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा.